आमची वाटचाल: फोटो स्टुडिओ, झेरॉक्स अन् ती वरची पट्टी

दारव्ह्यात आमचं दुकान सुरू झालं तेव्हा बोर्डावर फोटो स्टुडिओ अन् झेरॉक्स एवढंच होतं, आज त्याच बोर्डावर अल्बम डिझाईन, फ्लेक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीक विमा सगळं कोंबलंय आणि नवीन काही लिहायला जागा नाही. लोक विचारतात भाऊ एवढं वाढलं कसं, कॅमेरा कोणता घेतला. कॅमेरे आता सगळ्यांकडेच आहेत हो. आमच्याकडे गिऱ्हाईक परत येते कारण त्याची फाईल तो काउंटरवर उभा असतानाच सापडते, आणि ती सापडते फोल्डरच्या खिडकीतल्या वरच्या पट्टीमुळे, ज्याला अ‍ॅड्रेस बार म्हणतात. हसू नका, पुढे वाचा.

विंडोज एक्सपीच्या काळात त्या पट्टीत नुसती एक लांब ओळ यायची, ड्राइव्हचं अक्षर अन् उलट्या तिरक्या रेघा. तिच्याकडे कोणी पाहतच नव्हतं, सगळे डाव्या बाजूचं फोल्डरांचं झाड उघडत उघडत जायचे. मराठी टायपिंग तेव्हा श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये, आणि त्यात फोल्डरचं नाव टाकलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा गचका दिसायचा कारण त्या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त चेहरा मराठी, अन् फाईलच्या नावाला फॉन्ट लागत नाही. म्हणून गावांची नावं रोमनमध्ये. बोरी अरबच्या बोरीला एक ऑपरेटर शेवटी आय लावायचा, दुसरा डबल ई, झाली एकाच गावाची दोन फोल्डरं. युनिकोडवर आलो, ज्यात मराठी अक्षर खरंच मराठी अक्षर असते, नावं देवनागरीत टाकायला लागलो तेव्हा ते थांबलं.

पट्टीचं नवीन रूप विंडोज व्हिस्टात आलं २००७ मध्ये, पण व्हिस्टा आमच्या दुकानात कधी आलंच नाही, आम्ही थेट विंडोज सेव्हनवर गेलो. त्यात ओळीच्या जागी तुकडे दिसतात, साल, मग गाव, मग नाव, आणि दोन तुकड्यांच्या मधी एक छोटा बाण. तुकड्यावर क्लिक केलं की तिथपर्यंत वर जाता येते हे सगळ्यांना आपोआप कळलं. बाणाचं काम मात्र आमच्याकडच्या अल्बमवाल्या ताईनं शोधलं. ती एका गावच्या लग्नातून दुसऱ्या गावच्या लग्नात मागे न जाता उडी मारून राहिली होती, मी म्हटलं ताई हे काय केलं, तर म्हणे "दादा, सालाच्या पुढच्या बाणावर दाबा नं, सारे गावं खाली येते." बरोबर आहे, बाण दाबला की त्याच्या डावीकडच्या फोल्डरात जे जे आहे त्याची यादी लटकते, आणि सध्या आपण ज्यात आहोत ते ठळक दिसते.

एवढं समजल्यावर खरी गंमत सुरू झाली, कारण बाण तेव्हाच कामाचा जेव्हा फोल्डरांचा क्रम बरोबर असेल. आमचा क्रम होता साल, गाव, गिऱ्हाईक, मग हळद, लग्न, रिसेप्शन, आणि त्या प्रत्येकाच्या आत रॉ म्हणजे कॅमेऱ्यातले सगळे फोटो, सिलेक्ट म्हणजे निवडलेले, आणि अल्बम. दिसायला एकदम व्यवस्थित. पण अल्बम लावताना माणूस करतो काय, हळदीच्या सिलेक्टमधून लग्नाच्या सिलेक्टमध्ये, तिथून रिसेप्शनच्या सिलेक्टमध्ये, परत हळदीत, दिवसभर हेच. प्रत्येक वेळी बाण दाबून लग्नात जा, मग पुन्हा सिलेक्ट उघडा. आम्ही तो क्रम उलटा केला, गिऱ्हाईकाच्या खाली आधी रॉ, सिलेक्ट, अल्बम आणि त्यांच्या आत हळद, लग्न, रिसेप्शन. आता सिलेक्टच्या बाणावर दाबलं की तिन्ही समोर, एका उडीत काम. ज्या गोष्टींमध्ये सगळ्यात जास्त ये-जा असते त्या एकमेकीच्या शेजारी अन् सगळ्यात आत पाहिजेत. कोणी शिकवत नाही हे, कोर्समध्ये फोल्डर बनवायला शिकवतात, क्रम कसा लावायचा ते सांगत नाहीत.

पीक विम्याच्या कामात हाच क्रम चालला नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला आणि दुकानासमोर रांग लागली. शेतकरी येऊन म्हणे "भाऊ, मागच्या साली सारे कागदं तुमच्यापाशीच देल्ले होते मी, पाहा नं तिथंच असन." खरंय त्याचं, आधार अन् पासबुक काही दरवर्षी बदलत नाही. लग्नात साल आधी पाहिजे कारण लग्न एकदाच होते, पण शेतकरी दरवर्षी येतो, म्हणून इथं गाव आधी, मग शेतकरी, आणि साल सगळ्यात आत. साल बदललं की शेवटच्या बाणावरून मागच्या सालात जायचं, आधार कॉपी करायचं, या सालात यायचं. आता आमच्या भागात राठोड, चव्हाण, पवार इतके की नुसत्या नावावर शोधणं म्हणजे जत्रेत पोरगं शोधणं, त्यात गावं सुद्धा खुर्द अन् बुद्रुक. म्हणून नावापुढे मोबाईलचे शेवटचे चार आकडे. बापाचं नाव टाकून पाहिलं होतं, फोल्डरचं नाव फार लांबते.

आणि लांब नावाचा त्रास खराच आहे. पट्टीत मावलं नाही की डावीकडचे तुकडे दोन बारीक बाणांच्या मागे लपतात, म्हणजे जे साल अन् गाव दिसायला पाहिजे तेच गायब. दुसरं म्हणजे विंडोजमध्ये पूर्ण पाथची, म्हणजे ड्राइव्हपासून फाईलपर्यंतच्या पत्त्याची, मर्यादा साधारण २६० अक्षरांची, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं वेगवेगळं मोजल्या जाते. ग्रामपंचायत हा शब्द डोळ्यांना छोटा दिसतो पण मशीनच्या हिशोबानं ११ अक्षरं. फ्लेक्सवाल्या पोरानं गिऱ्हाईकाचा पूर्ण मजकूरच फोल्डरचं नाव म्हणून टाकला होता एकदा, शुभेच्छुकांसकट.

दुकानात मशीन वाढल्या तशी दुसरी अडचण आली, एकानं दुसऱ्याला सांगायचं कसं की फाईल कुठं आहे. "त्या मोठ्या फोल्डरात, आत, त्याच्या आत" असं चालायचं. आता सगळी कामं एकाच मशीनवर ठेवली अन् बाकी सगळ्या मशीनवर ती झेड ड्राइव्ह म्हणूनच जोडली, अक्षर सगळीकडे एकच, यात हयगय नाही. पट्टीच्या रिकाम्या जागेवर क्लिक केलं किंवा अल्ट अन् डी दाबलं की तुकड्यांची परत जुनी ओळ होते, ती कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, समोरच्यानं आपल्या पट्टीत पेस्ट करून एंटर. झेड सगळीकडे सारखं असल्यामुळे तीच ओळ विंडोजच्या सगळ्या मशीनवर चालते. फाईलचाच पत्ता पाहिजे असेल तर शिफ्ट धरून राइट क्लिक, कॉपी अ‍ॅज पाथ.

अजून एक, पोर्टलवर कागद अपलोड करताना जी छोटी खिडकी उघडते ना, तिच्यात पण हीच पट्टी असते, बाणांसकट. माझ्या पाहण्यात कितीतरी सेंटरवाले तिथं डेस्कटॉपपासून सुरुवात करून एकेक फोल्डर उघडत बसतात अन् तोपर्यंत साईटचं लॉगिन उडते. शेतकऱ्याच्या फोल्डरचा पाथ आधीच कॉपी करून ठेवा, त्या खिडकीत पेस्ट करा, संपलं.

विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला तेव्हा दोन जुन्या मशीन फेकायच्या जीवावर आलं, त्यांच्यावर पुतण्यानं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टीम टाकून दिली. त्यातल्या फाईल मॅनेजरचं नाव नेमो. पट्टीत बटणं असतात, पण मधला बाण नाही, त्यामुळे ताई त्या मशीनवर बसायलाच तयार नव्हती. कंट्रोल अन् एल दाबलं की तिथंही ओळ टाईप करता येते, दोन अक्षरं टाकली की पुढचं नाव स्वतःच सुचवते, स्कॅनिंगच्या कामाला तेवढं पुरते. लिनक्सवरच ज्यांना बाण पाहिजे त्यांनी केडीईचं डॉल्फिन हे दुसरं फाईल मॅनेजर पाहावं, त्याच्यात आहे. आम्ही नाही बदललं, स्कॅनिंगच्या मशीनवर उड्या मारायच्याच नसतात, एका शेतकऱ्याचे कागद घ्यायचे अन् पुढचा.

नवीन ऑपरेटर आला की पहिले दोन-तीन दिवस त्याला डावीकडचं झाड बंदच करून देतो. कुरकुरतात पोरं. नंतर तेच दुसऱ्याला शिकवतात.

आता राहिलं ते जुनं लग्नांचं काम, सेव्हनच्या आधीचं, जे डीव्हीडीवर आहे. पावसाळ्यात लग्नं नसतात, विम्याची गर्दी ओसरली की त्या डीव्हीडी काढून नव्या क्रमात लावणं सुरू आहे, काही वाचल्या जातात, काही नाही. आपल्या लग्नाची डीव्हीडी घरी धड असेल तर दुकानात आणून द्या, कॉपी फुकट करून देऊ, पेनड्राइव्ह मात्र तुमचा.