उत्तर नेहमी ‘येशू’च येत असेल तर

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, काहीही विचारा, मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘येशू!’ नाहीतर ‘प्रार्थना करावी.’ बाईंना काय ऐकायचंय ते मुलांना पाठ असतं. ‘आपण दुसऱ्यांना मदत करावी ना?’ असं विचारल्यावर मूल ‘हो’शिवाय म्हणणार तरी काय?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्या. नियमशास्त्राचा जाणकार असलेला एक यहुदी शास्त्री विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू? येशू त्यालाच उलट विचारतो, नियमशास्त्रात काय लिहिलंय? मग ‘माझा शेजारी कोण?’ या त्याच्या प्रश्नावर दाखला सांगतो: लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला पाहून मंदिरातला याजक आणि मंदिराचा सेवक लेवी बाजूने निघून जातात, मदत करतो तो यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोनी लोकांपैकी एक. दाखला संपल्यावरही तिघांपैकी शेजारी कोण ठरला, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतो.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना चाळीस मिनिटांत चार प्रश्न पुरे. पहिला, शोमरोन्याने काय काय केलं? वचनावर बोट ठेवूनच सांगायचं: तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे इथेच सांगून टाकावं. दुसरा, याजक बाजूने का निघून गेला असेल? यरुशलेम ते यरीहो साधारण 27 किलोमीटरचा निर्जन उतार, त्यात लुटारू. कुणी ‘मीपण पळालो असतो’ म्हणालं तर रागावू नका, धडा खरा तिथे सुरू होतो. तिसरा माझा आवडता. शास्त्री ‘शोमरोनी’ न म्हणता ‘ज्याने दया केली तो’ असं का म्हणतो? आपण कुणाचं नाव घ्यायचं टाळतो?

चौथा प्रश्न हेतूचा. ‘मोठेपणी देवासाठी काय करशील?’ विचारलंत की डॉक्टर आणि मिशनरी यांची रांग लागते. त्यापेक्षा देवाने मोशेला विचारलं तसं विचारा, तुझ्या हातात काय आहे? सायकल, गणित, रिकामी संध्याकाळ. या आठवड्यात ते कुणाच्या कामी येईल?

प्रश्न विचारून गप्प बसणं सगळ्यांत अवघड. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मनात पाच अंक मोजावेत. पहिल्या उत्तराला लगेच ‘शाब्बास’ म्हटलं की बाकीचे विचार करणं सोडतात. ‘अजून कुणाला काय वाटतं?’ म्हणावं.

कधी मूलच विचारतं, ‘प्रार्थना करूनही आजी बरी का होत नाही?’ इथे ‘देवाची इच्छा’ म्हणून विषय मिटवू नये. बायबलमधलं स्तोत्र 13 उघडावं. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चारदा विचारतो, कोठवर? मुलाला आपली एक ओळ ‘कोठवर’ने सुरू करून लिहू द्यावी, कागदावर शेरा मारू नये. पुढच्या रविवारी आजीची चौकशी मात्र आठवणीने करावी.