आक्काच्या चंचीतला बाण

दिवाळी पाडव्याच्या पहाटे बेळगावजवळच्या येळ्ळुरात देवळासमोर पंढरपूरला निघणारी दिंडी उभी राहिली, तेव्हा माझ्या डाव्या दंडावर ब्लाऊजच्या बाहीखाली एक पांढरी चकती चिकटलेली होती. दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी. आदल्या दिवशी दुपारी बसवलेली. त्यासाठी शिंप्याकडून बाहीची शिलाई दोन बोटं उसवून घेतली होती. बाही घट्ट असली की हात वर-खाली करताना चकतीची कड सुटते, आणि असाच एक साखर मोजणारा सेन्सर माझा पाचव्या दिवशीच वाया गेला होता. साडेचार हजारांच्या वर पडतो एक, आणि धड राहिला तरी चौदा दिवसांनी संपतोच. मी शाळामास्तरीण. वर्षभर लावणं मला परवडत नाही. वर्षाला दोन घेते, आणि त्यातला एक वारीसाठी राखून ठेवते.

मला टाईप वन मधुमेह आहे. तेरा वर्षांची असताना निदान झालं, आता चाळिशी आली. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे दिवसाला चार सुया. लोकांना ‘शुगर’ म्हटलं की साखर वाढणं तेवढं ठाऊक असतं. आमच्यासारख्यांना खरी धास्ती साखर उतरण्याची. सुई टोचली आहे, पोटात पुरेसं गेलेलं नाही आणि पाय चालताहेत, अशा वेळी रक्तातली साखर भराभर उतरते. 70 च्या खाली गेली की धोका, 54 च्या खाली गेली की मोठाच. पूर्वी मला हे कळायचं. हात थरथरायचे, कपाळाला घाम सुटायचा, भूक खवळायची. पंचवीस वर्षांनी शरीरानं ते इशारे द्यायचं बंद केलं. जुन्या टाईप वनवाल्यांत असं पुष्कळांचं होतं. आता साखर उतरते आणि मी आपली बोलत असते, चालत असते, आणि एकदम डोळ्यापुढं अंधारी येते.

दोन वर्षांपूर्वी चकती न लावता तशीच वारीला आले. संकेश्वरच्या अलीकडं, हायवेच्या कडेला, चालत्या ओळीतून खाली कोसळले. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. एका बाईनं पेढा काढला तर दुसरीनं तिचा हात धरला, “शुगर हाय तिला, गोड देऊ नको गं!” हे मला नंतर कळलं. जवळच्या दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज चढवलं तेव्हा डोळे उघडले. तेव्हा साखर 38 होती. दिंडीच्या महाराजांनी पुढचा सगळा रस्ता मला सामानाच्या ट्रकमध्ये बसवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्यावर शंभर माणसांची जबाबदारी. खरं ट्रकच्या फळीवर गाद्यांच्या ढिगात बसून पंढरपूर गाठताना मी जेवढी रडले तेवढी लग्नात सासरी जातानाही रडले नव्हते.

म्हणून ही चकती. तिच्या खाली केसासारखी बारीक, जेमतेम पाच मिलिमीटर लांब तार कातडीत जाते. ती रक्तात पोचत नाही, कातडीखालच्या पेशींच्या अवतीभवती जो द्रव असतो त्यातली साखर मोजत राहते आणि आकडा मोबाईलवर पाठवते. आकड्याशेजारी बाण असतो. आडवा बाण म्हणजे साखर जागेवर आहे. तिरका खाली म्हणजे हळूहळू उतरते आहे. सरळ खाली म्हणजे मिनिटाला दोनहून जास्त अंकांनी घसरते आहे, मग हातातलं काम टाकायचं आणि खायचं. साखर ठरवलेल्या रेघेखाली गेली की मोबाईल ओरडतो.

आता दिंडीत मोबाईल ओरडून ऐकू येणार कुणाला? पुढं पताका, मागं वीणेकरी, मध्ये पन्नास टाळ आणि दोन मृदंग. पहिल्याच दिवशी काकतीच्या वाटेवर हे माझ्या ध्यानात आलं. मोबाईल कमरेला खोचला होता, त्याचं थरथरणंसुद्धा टाळ वाजवताना कळेना. तेव्हा शेजारून चालणारी आक्का म्हणाली, “माझ्याकडं दे की. माझ्या हातात टाळ न्हाईत.”

आक्का आमच्या गल्लीतली. वय पासष्टच्या घरात, डोक्यावर तुळस, पायांत काही नाही. वीसेक वाऱ्या झालेल्या. तिला लिहिता-वाचता येत नाही. मोबाईल तिनं कमरेच्या चंचीत पान-सुपारीबरोबर ठेवला. मी तिला आकडे शिकवायला बसले तर म्हणाली, “आकडं ऱ्हाऊ देत. रंग सांग आन् बाण सांग.” आणि तेवढंच पुरलं. स्क्रीन हिरवी असली की ठीक. पिवळी म्हणजे चढली. लाल म्हणजे उतरली. हिरवी असली तरी बाण खाली असेल तर मला कोपरानं ढोसायचं. काकतीच्या मुक्कामी तिनं सगळ्या बायकांना गोळा करून हे समजावलं. वर एक वाक्य तिचं स्वतःचं घातलं, “लाल झालं की हिला साखर चारायची, आन् कोण नको म्हणालं तर त्याला माझ्याकडं धाडा.”

दुसऱ्या दिवशी वंटमुरीचा घाट. आम्ही बेळगाववाले हा घाट गाडीतून पाच मिनिटांत पार करतो, पायी त्याचा दम कळतो. चालताना स्नायू साखर ओढून घेतात आणि आहे तेच इन्सुलिन जास्त काम करतं, म्हणून डॉक्टरांनी आधीच बसून माझं सगळं कोष्टक बदलून दिलं होतं. रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन 16 युनिटांवरून 13 वर. दुपारच्या जेवणाआधीचं निम्मं. हे माझे आकडे. दुसऱ्यानं उचलू नयेत, ज्याचे त्यानं आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावेत. तरी घाटात आक्काचं कोपर दोनदा लागलं. दोन्ही वेळा बाण तिरका खाली. दोन्ही वेळा ओळ न सोडता तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घोळून प्याले आणि चालत राहिले. टाळसुद्धा थांबला नाही. एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप.

हत्तरगीला एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम होता. रात्री दोनला मोबाईल ठणाणा करायला लागला. लाल स्क्रीन, 56. चाळीस बायका धडपडून उठल्या, कुणी साखरेचा डबा काढला, कुणी बॅटरी. मी बोट टोचून बघितलं तर 112. मी डाव्या कुशीवर झोपले होते आणि सगळा भार त्या दंडावर आला होता. चकतीवर दाब पडला की त्या जागेतला द्रव हलत नाही आणि खोटा कमी आकडा येतो. मला फार ओशाळल्यासारखं झालं. दिवसभर पंचवीस किलोमीटर चाललेल्या बायका त्या. कुणी शब्दानं बोललं नाही. सकाळी पाहिलं तर माझ्या डाव्या अंगाला कुणीतरी दोन वळकट्या लावून ठेवल्या होत्या, मी तिकडं वळू नये म्हणून. पुढं पंढरपूरपर्यंत रोज रात्री त्या वळकट्या लागत होत्या. रात्रीचा अलार्म मात्र बंद करून चालत नाही. दिवसभर चाललेले पाय झोपेतही रक्तातली साखर ओढत राहतात आणि पहाटेपर्यंत कधीही उतरू शकते. झोपण्याआधी मी एक भाकरी आणि वाटीभर दही खाऊनच अंग टाकायचे.

झोपण्याआधी आणखी एक काम असे, तळपाय बघण्याचं. मी बूट घालूनच चालते. अनवाणी चालणाऱ्यांत बुटांची लाज वाटते, नाही असं नाही. पण मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम महिनोन् महिने चिघळते. आक्का स्वतः अनवाणी, तरी रोज बॅटरी धरून माझ्या बोटांच्या बेचक्या तपासायची.

संकेश्वर मागं पडलं. दोन वर्षांपूर्वी जिथं पडले होते तिथून जाताना आक्कानं नुसता माझा हात धरला. चिकोडीच्या पुढं दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. कार्तिकात कारखान्यांचा हंगाम लागलेला असतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंगावरून गेल्यासारखे जातात. गावागावांत लोक शिरा, केळी, चहा, गूळ-शेंगा घेऊन उभे असतात. कन्नड बोलणारी गावं, खरं दिंडी आली की बाया घागरीनं पाणी आणून वीणेकऱ्याच्या पायांवर ओततात. प्रसादाला नाही म्हणणं मला जमत नाही. चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि बाकीचा मागच्या ओळीत द्यायचा, असं मी ठरवून टाकलं आहे.

अंकलीच्या अलीकडं सकाळी अकराच्या सुमाराला चाल वाढली. मुक्काम जवळ आला की पाय आपोआप उचलतात. सकाळची पोळी मी अर्धीच खाल्ली होती, चूक माझीच. आक्काचं कोपर लागलं नाही, कारण गर्दीत ती तीन ओळी मागं राहिली होती. चकती आणि मोबाईलमध्ये सहा मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं, मध्ये माणसं आली, की जोडणी तुटते. मग मागून तिची हाक आली. तुळस तिनं दुसरीच्या डोक्यावर दिली होती, नऊवारीचा ओचा एका हातात आणि मोबाईल दुसऱ्या हातात उंच. “लाल! लाल! बाण खाली!”

58, सरळ खाली. मी चांगली गात होते, मला काहीही जाणवत नव्हतं. पिशवीत हात घातला तर ग्लुकोजचा डबा रिकामा. दुसरा ट्रकमध्ये, आणि ट्रक पुढं गेलेला. रस्त्याच्या कडेला रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथला शेतकरी दिंडीला फुकट रस वाटत होता. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “ननग शुगर ऐत्रि,” मला शुगर आहे. त्यानं पुढं केलेला ग्लास झटक्यानं मागं घेतला. “शुगर? ब्याड, ब्याड!” त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. आपल्या हातून कुणाचं वाईट होऊ नये, ही. संकेश्वरला माझ्या तोंडापाशी आलेला पेढा ज्या काळजीनं अडवला गेला, तीच ही.

आक्का पोचली. तिला कन्नड बाजारापुरतं येतं. तिनं मोबाईल त्याच्या डोळ्यांपुढं धरला, लाल रंगावर बोट ठेवलं, मग बाणावर. “कम्मी आगैती! कोडरी, कोडरी!” कमी झालीय, द्या, द्या. तो क्षणभर स्क्रीनकडं बघत राहिला. खाली गेलेला बाण कुठल्याही भाषेत खालीच असतो. त्यानं ग्लास माझ्या हातात न देता सरळ ओठांना लावला.

दहा मिनिटांनी मोबाईलवर 54 दिसायला लागलं आणि आक्का घाबरली, आणखी एक ग्लास आणते म्हणाली. मी थांबवलं. चकतीचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागून चालतो. बोट टोचलं, 79. वर चढत होती. अशा वेळी घाबरून खात सुटलं की तासाभरानं तीनशेवर जाते. उसाचा रस, साखरपाणी, ग्लुकोज लवकर लागतं. पेढा किंवा आपल्या बेळगावचा कुंदा दिला तर त्यातल्या खव्यामुळं साखर रक्तात यायला वेळ लागतो, म्हणून आणीबाणीला तो कामाचा नाही. हे मी त्या गुऱ्हाळाच्या सावलीत बसून माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्या दादांना सांगितलं. त्यांच्या आईला शुगर आहे, इन्सुलिन घेते, म्हणाले. पहाटे कधीकधी घामाघूम होऊन बडबडते, आणि घरातले देवऋषी बघतात. मी त्यांना तीनदा सांगितलं, असं झालं की आधी साखरपाणी, बाकी सगळं नंतर. त्यांनी ते तीनदा म्हणून दाखवलं.

अंकलीत शितोळे सरकारांचा वाडा आहे. माउलींच्या पालखीपुढचे अश्व दर ज्येष्ठात इथूनच आळंदीला चालत निघतात. आषाढीचा सगळा सोहळा आमच्या चिकोडी तालुक्यातल्या या घोड्यांची वाट बघतो, याचा आम्हाला केवढा अभिमान. वाड्याला हात जोडले आणि संध्याकाळी कृष्णेचा पूल ओलांडला.

मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला हा रस्ता सरळ आणि कोरडा. तिथं मला काही झालं नाही. दशमीला दुपारी पंढरपुरात पोचलो. दहा दिवसांतला माझा शेकडा 74 वेळ 70 ते 180 च्या मध्ये गेला होता. डॉक्टर 70 च्या वर असला की खूश असतात. घरी, शाळेत, पंख्याखाली बसून मला कधी एवढं जमलेलं नाही.

एकादशीला मी निरंकार उपास धरत नाही. वऱ्याचे तांदूळ आणि आमटी खाल्ली, सुई मोजून घेतली, आणि पहाटेच आक्काबरोबर चंद्रभागेवर गेले. चकतीवर मीटरभर पाणी अर्धा तास चालतं, तरी मी दंडाला जादाची चिकटपट्टी लावली होती. वाळवंटात मुंगीला वाट नव्हती. आक्कानं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, काठावर घट्ट उभी राहिली आणि चंचीतून मोबाईल काढून डोळ्यांजवळ नेला. मी कमरेएवढ्या पाण्यात, तिच्या तोंडाकडं बघत थांबले.

“हिरवं हाय,” ती ओरडली. “बाण आडवा. मार बुडी!”