एका शब्दाचा तास

एका शब्दासाठी आख्खा तास देणारे शिक्षक मला आपल्या शाळेतच भेटले. नववीत अवांतर वाचनाच्या तासाला इंग्रजीचे सर एक अमेरिकन गोष्ट वाचून दाखवत होते. त्यातला मुलगा 'फ्लॅशलाइट' घेऊन तळघरात उतरतो. वर्गाला वाटलं, कॅमेऱ्याचा फ्लॅश. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "रात्री वीज गेली की तुमच्या घरी काय शोधतात?"

"बॅटरी!"

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरांत बॅटरीच म्हणत, आणि तिच्यात घालायचे ते सेल. सर म्हणाले, "इंग्रजाकडे बॅटरी मागाल तर तो नुसते सेल हातावर ठेवील. त्याच्याकडे टॉर्च मागा. अमेरिकन माणसाकडे मात्र फ्लॅशलाइट मागा, कारण टॉर्च म्हटलं की त्याला पेटती मशाल दिसते."

मग त्यांनी 'फ्लॅश'चं कारण सांगितलं. हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं पेटंट डेव्हिड मिसेल यांना अमेरिकेत १८९९ साली मिळालं. तेव्हाचे कोरडे सेल अशक्त, दिव्यातली तार कार्बनची. प्रकाश फार वेळ टिकत नसे. बटण दाबायचं, क्षणभर उजेड पाडायचा आणि सोडायचं. पुढे टंगस्टनची तार आली, सेल सुधारले, दिवा हवा तितका वेळ जळू लागला, तरी नाव तेच राहिलं. इंग्रजांनी मात्र जुन्या मशालीचंच नाव नव्या वस्तूला दिलं. आधी 'इलेक्ट्रिक टॉर्च' म्हणत, पुढे 'इलेक्ट्रिक' गळून पडलं.

खरा आनंद त्यापुढे होता. टॉर्च हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनपर्यंत जातो, आणि तिथल्या धातूचा अर्थ 'पिळणे'. ताग किंवा चिंध्या पिळून, मेणात किंवा राळेत बुडवून पेटवायच्या, ती टॉर्च. सरांनी फळ्यावर त्याच कुळातला 'टॉर्क', म्हणजे पिळण्याचा जोर, लिहिला, त्याच्याखाली 'टॉर्चर', आणि आमच्याकडे वळले. "कार्तिकात पहाटे विठ्ठलमंदिरात आरतीला काय पेटवतात?" काकडा! तोही कापड पिळूनच केलेला. आणि पलिता? तो फारसीतून आपल्याकडे आला. त्याचं मूळ अरबीत, आणि त्या अरबी धातूचा अर्थही पिळणे, वळणे. एकमेकांशी नातं नसलेल्या दोन भाषाकुळांतल्या माणसांनी उजेडासाठी हातांनी एकच काम केलं आणि त्या कामावरूनच नाव ठेवलं, हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही हे लिहिताना तसंच होतंय.

अर्थ कळला म्हणजे शब्द आला, असं सर कधीच मानत नसत. 'टॉर्च' क्रियापद झालं की मुद्दाम आग लावणं. कुणासाठी 'टॉर्च कॅरी' करणं म्हणजे एकतर्फी प्रेम मनात जपणं. त्यावर मागच्या बाकांवर हशा पिकला, तोही सरांनी पिकू दिला. 'टॉर्चबेअरर' म्हणजे ध्येयाची मशाल पुढे नेणारा, फार मानाचा शब्द. पण त्याला मराठीत 'दिवटा' म्हणून बघा! आपल्याकडे दिवटे चिरंजीव कुणाला म्हणतात, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून कोशात अर्थाशेजारी बारीक, तिरप्या टायपात जे छापलेलं असतं, म्हणजे शब्द ब्रिटिश की अमेरिकन, जुना की बोलीतला, ते आधी वाचायचं, हा त्यांचा दंडक. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळी, १९३१ साली, राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा 'सयाजीशासन शब्दकल्पतरू' निघाला, त्या गावच्या मुलांनी शब्द ढोबळ वापरू नये, असं त्यांना कळकळीने वाटे. मलाही वाटतं.

पुढे मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मशीनवर काम करू लागलो. तिथे टॉर्क रोजचाच. बोल्ट किती पिळायचा ते टॉर्क रेंचवर बघूनच ठरतं. आणि 'टॉर्च आणा' अशी हाक दिली की वेल्डर गॅसची टॉर्च उचलतो, वायरमन हातबत्ती. दोघंही बरोबर असतात. म्हणून नव्या मुलांना मी पहिल्या दिवशीच सांगतो, कोणती टॉर्च ते बोला. कारण एकीतून नुसता उजेड निघतो आणि दुसरीतून लोखंड कापणारी ज्योत.

२०२४च्या पुरात बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि पाण्याबरोबर मगरीही आल्या. अंधारात मगरीच्या डोळ्यांवर उजेड पडला की ते लालसर चमकतात, कारण बुबुळामागचा पडदा प्रकाश परत फेकतो. आमच्या जिन्यात जमलेल्यांपैकी कुणी 'बॅटरी मार' म्हणत होतं, कुणी 'टॉर्च', आणि माझी नात 'फ्लॅशलाइट ऑन कर'. फोनवर तिला तोच शब्द दिसतो. पाणी ओसरल्यावर मी तिच्या फोनची भाषा ब्रिटिश इंग्रजी करून दाखवली. त्याच बटणाखाली 'टॉर्च' उमटलं. मग तिला सरांचा तो तास पहिल्यापासून सांगितला, काकड्यासकट.

शाळेच्या महोत्सवानिमित्त आमच्या तुकडीने आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गासाठी एकेक इंग्रजी कोश दिला आहे. ते कपाटात कुलपात ठेवू नयेत, मुलांच्या हाताशी राहावेत, एवढीच विनंती. पानं मळली, फाटली, तर नवे आणून देऊ.