पार गेलं, पण मुरलं का?

कोल्हापुरी चपला परदेशी पाठवणाऱ्या एकांचं इंग्रजी माहितीपत्रक माझ्याकडे तपासायला आलं. त्यात वाक्य होतं, 'टॅन पेनेट्रेट्स द लेदर.' टॅन म्हणजे इथं कातडं कमावायचं साल-हिरड्याचं पाणी. तिकडच्या गिऱ्हाइकानं उलट विचारलं होतं, किती आतपर्यंत? प्रश्न रास्त. पेनेट्रेट म्हणजे आत शिरणं, खिळाही शिरतोच. फोननं 'पर्वेड' सुचवलं होतं, ते तर आणखी चूक. वास, भीती, उदासी यांनी जागा भरून जाते तेव्हा पर्वेड. दुकानात कातड्याचा वास पर्वेड करेल, साल-हिरड्याचं पाणी नाही करणार. परीक्षेच्या पुस्तकांत हे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत छापतात आणि पोरं घोकतात, याचा मला मनापासून राग येतो.

माझ्या डोक्यात पर्मिएट होता. लॅटिनमध्ये 'पर' म्हणजे आरपार आणि 'मेआरे' म्हणजे जाणं. द्रव, वायू, वास, विचार, सगळ्यांना चालतो. 'पर्मिएट्स द हाइड' म्हणा नाहीतर मध्ये 'थ्रू' घाला, दोन्ही शुद्ध. लिहिण्याआधी म्हटलं, कातडं कमावताना एकदा बघून येऊ.

चुन्यात ठेवून केस काढलेलं कातडं तिथं पिशवीसारखं शिवून टांगलं होतं. आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी. पिशवीच्या अंगातून तांबूस थेंब बाहेर येत होते, खाली भांड्यात साठत होते, आणि तेच पाणी पुन्हा वरून ओतलं जात होतं. कातडं कमावणाऱ्या मामांना मी म्हटलं, "मामा, हे तर आरपार गेलंय की."

"पार गेलं म्हंजे झालं न्हवं, सर. मुरलं पायजे."

त्यांनी दुसऱ्या एका कातड्याची कड रापीनं तासली आणि काप माझ्यापुढं धरला. दोन्ही बाजूंनी तपकिरी, मधोमध दोऱ्याएवढी फिकट रेघ. "ही हाय तवर कच्चं. मानंकडचा भाग जाड, तिथं लई दिवस ऱ्हाती."

तिथंच माझं वाक्य अडलं. पर्मिएटमध्ये दोन्ही अर्थ आहेत, पार जाणं आणि कणाकणात भरून राहणं. दूधप्रक्रियेत तर पडद्यातून पलीकडे गेलेल्या द्रवालाच पर्मिएट म्हणतात, तिथं तो नाम होतो. पण कातड्याबद्दल वाचणारा दुसरा अर्थ घेणार, कुठेही कोरडी जागा उरली नाही असा. मामांची रेघ गेली तरच ते क्रियापद खरं.

त्यात पुढच्या परिच्छेदात 'पर्मिएबल लेदर' होतं. लिहिणाऱ्याला वाटलं, टॅन मुरलेलं ते पर्मिएबल. तसं नाही. पर्मिएबल म्हणजे ज्यातून काही पार जाऊ शकतं ते. पावसाळी देशातला माणूस वाचेल, यातून पाणी आत येतं! मी ते काढायला सांगितलं, तर मालक म्हणाले, "मग इम्पर्मिएबल टाका की, भारी वाटतंय." ठाम नाही म्हटलं. कोल्हापुरी पाण्यात भिजवायची वस्तू नाही, हे इथल्या कुणालाही माहीत आहे. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. त्या नावाखाली खोटं विशेषण जाऊ नये.

शेवटी मी लिहिलं, 'टॅन पर्मिएट्स द हाइड', आणि पुढं एक वाक्य जोडलं: कड कापून मध्ये फिकट रेघ दिसली तर कातडं पुन्हा पिशवीत जातं. मालकांनी पहिलं ठेवलं, दुसरं खोडलं. "आपलं कच्चं कशाला दाखवायचं गिऱ्हाइकाला?"

मला ते पटलेलं नाही. 'किती आतपर्यंत' या प्रश्नाचं उत्तर त्या खोडलेल्या वाक्यातच होतं. मामा रोज जे तपासतात ते लपवून आम्ही फक्त क्रियापद पाठवलं. पुढच्या छपाईच्या वेळी ते वाक्य मी परत मांडणार आहे, या वेळी कापाच्या फोटोसकट.