गोधडीवरची चिठ्ठी

“माझं एकटीचं नाव लिहू नकोस, बाळा,” असे आजी म्हणाल्या आणि आमच्या गोधडी गटाच्या मेळाव्यात नोंदणीला बसलेली मुलगी पेन धरून थांबली.

त्यांच्या वाकळेच्या आतल्या थरांत सासूबाईंची इरकली लुगडी होती, वरच्या ठिगळांत लेकीचे परकर आणि नातवाचे सदरे होते, आणि कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत येताना समोरच्या बाजूला त्यांच्या जाऊबाई बसल्या होत्या. चिठ्ठीवर मात्र नावासाठी एकच ओळ होती.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या त्यांच्या नावांनिशी संग्रहालयांत लागल्या, २००६ साली त्यांवर टपाल तिकिटेही निघाली. आपल्याकडे उन्हाळ्यात, शेतातली कामे उरकल्यावर शिवलेल्या वाकळा कुणाच्या हातच्या, हे बहुधा घराबाहेर कुणाला ठाऊक नसते. म्हणून नावे लिहिलीच पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते, आणि आजी म्हणतात तशी सगळ्यांची लिहिली पाहिजेत.

तुमच्या घरातल्या गोधडीत कुणाकुणाची लुगडी आहेत, हे कुणी लिहून ठेवले आहे का?