कोन शे रे?

शाळेत असताना खांदेरी खान्देशातच असणार, अशी माझी पक्की समजूत होती. नावच तसं. पुढे ती अलिबागजवळ, थळसमोरच्या समुद्रात निघाली, तेव्हा चोपड्याकडच्या या पोराला जरा फसवल्यासारखंच वाटलं.

मागच्या हिवाळ्यात शेवटी होडीने गेलो. बेट एवढंसं, गाव-वस्ती नाही. 1679 मध्ये महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज आडवे आले तरी मायनाक भंडारींनी काम रेटलं. ठोकला की धातूच्या भांड्यासारखा वाजणारा एक दगड आहे; सगळे वाजवतात, मीही वाजवला. पण माझा जीव 1867 च्या दीपगृहात.

दीपगृह लुकलुकतं म्हणतात, पण जुन्या पद्धतीत दिवा विझतच नाही. त्याच्याभोवती भिंगं फिरतात. झोत आपल्यावर आला की लख्ख, सरकला की अंधार. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1820 च्या दशकात काचेच्या कड्या अशा रचल्या की एकाच ज्योतीचा उजेड गोळा होऊन कित्येक मैल जावा. शिवाय प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी. खलाशाने झोत मोजायचे आणि दीपगृह ओळखायचं.

हे तर नानांना येत होतं!

आमच्याकडे शेतीची लाइट रात्रीची. दोनला उठून मोटार चालू करायची. केळीत रात्री माणूस दिसत नाही, त्याची बॅटरी दिसते. मी घाबरून ओरडायचो, “कोन शे रे?” नाना मान वर न करता सांगायचे. पावलागणिक हेलकावणारा उजेड शेजारच्या आबांचा, त्यांचा गुडघा धरलेला. जमिनीला चिकटून येणारा आमच्या सालदाराचा. त्याला एकदा साप आडवा गेलेला. नाना स्वतः घरी निघाले की दोनदा आभाळात झोत टाकायचे. आई चहा ठेवायची.

संध्याकाळी थळच्या किनाऱ्यावर बसून खांदेरीचे झोत मोजत होतो, तेवढ्यात नानांचा फोन. आता ते शेतात जात नाहीत. बोलण्यात मोजणी चुकली.

“झोत आभायमा टाकस का पानीवर?” त्यांनी विचारलं.

“पाण्यावरून. सरळ.”

“मंग तो घर निंघना नही आजून.”