पाय उचलायचा नाही

पोळ्यानंतरचा सोमवार

अण्णा डोळे दाखवायला गावाहून आलेत. जेवण झाल्यावर पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले आणि बराच वेळ माझ्या पोर्शे ९११ कडं बघत राहिले. पुढचं झाकण उघडून दाखवलं, तर आत सामानाची जागा. मागचं उघडलं, तर दोन पंखे आणि तेल-पाण्याची टोपणं. इंजिन काही दिसत नाही.

"इंजन मागं हाय व्हय, बाई? मंग तोंड हलकं पडत असंल."

इतकं वाचून, रात्र-रात्र व्हिडिओ बघून मला जे कळलं, ते अण्णांनी सुपारी कातरता कातरता सांगून टाकलं. ट्रॅक्टरला मागं जड अवजार लावलं की पुढची चाकं जमीन धरत नाहीत, स्टिअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर सरळच ओढत जातो. म्हणून तर पुढं लोखंडी वजनं टांगतात. आमच्याही ट्रॅक्टरला आहेत. मी म्हटलं, अण्णा, पोर्शेवाल्यांनी अगदी हेच केलं होतं. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा मांडली, तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर होतं अवघं २,२११ मिलिमीटर, आणि सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडं. गाडी शेपूट फिरवते अशी ओरड झाली. मग काही काळ पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत ११-११ किलोची बिडाची वजनं बसवली, आणि १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकंच ५७ मिलिमीटर मागं सरकवली.

"म्हंजी जर्मनवालेबी आपल्यासारखेच की," अण्णा म्हणाले. एकदम खुश.

माझी ९११ आहे २०१३ ची, ९९१ पिढीतली साधी कॅरेरा. ३.४ लिटर, ३५० हॉर्सपॉवर, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. चाकांमधलं अंतर आता २,४५० मिलिमीटरवर गेलंय, तरी वजन साधारण ३९ टक्के पुढं आणि ६१ टक्के मागंच. तसं मागचं इंजिन मला नवीन नाही. आमच्या वाळूजला बजाजच्या रिक्षा बनतात, त्यांचंही मागंच असतं. आणि माझी पहिली गाडी नॅनो! ६२४ सीसी, दोन सिलिंडर, तिचेसुद्धा मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद होते, पुढं १३५ आणि मागं १५५. या गाडीला २३५ आणि २८५ आहेत. नॅनोत त्याचा विचार करायची पाळी कधी आली नाही, एवढंच.

बुधवार, रात्री

चेन्नईच्या रेस ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायचा, म्हणजे ट्रॅक डेचा, महिनाअखेरचा दिवस पक्का झाला. इरुंगाट्टुकोट्टईला, बेंगळुरू हायवेवर. ३.७ किलोमीटरचा फेरा, १२ वळणं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, फॉर्म्युला वन होऊन गेलेला, नाव मोठं. पण तिथल्या लांबलचक सरळ पट्ट्यावर जो वेग होतो तो मला पहिल्याच दिवशी नको. ही शर्यत नाही. वेळ मोजणार नाहीत, वळणात ओव्हरटेक करायचं नाही, आणि पहिल्या फेऱ्यांना शेजारी इन्स्ट्रक्टर बसणार.

वर्कशॉपमध्ये ज्याला सांगावं तो म्हणतो, "मॅडम, समृद्धी असताना चेन्नई कशाला?" समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे हे सोडा. सरळ रस्त्यावर ही गाडी कुणीही पळवेल, माझा पुतण्यासुद्धा. सरळ रस्त्यावर ती काहीच शिकवत नाही. आणि तिथं माझ्या चुकीची किंमत पुढच्या गाडीतल्या घरच्यांनी का मोजायची?

खरी तयारी कशाची करायची ते आज जरा स्पष्ट झालं. मी गाडी शिकले बीड रोडवर, रस्ता दोन पदरी होता तेव्हा. समोरून उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मधेच म्हशी. गाव आलं की पांढरा पट्टा न मारलेला ब्रेकर. त्या रस्त्यानं एकच गोष्ट अंगात भिनवली: शंका आली की अॅक्सिलरेटरवरचा पाय काढ. विचार नंतर. त्यामुळंच मी आजवर धडधाकट आहे.

आणि या गाडीत, भर वळणात, नेमकं तेच करायचं नाही.

वळणात गाडी टायरच्या ताकदीच्या काठावर असते. तेवढ्यात घाबरून पाय झटकन काढला की वजन पुढं येतं. पुढचे टायर एकदम जास्त धरतात, मागचे हलके होतात, आणि मागच्या आसामागं लटकलेलं ते सगळं लोखंड बाहेरच्या बाजूला निघतं. बाकीच्या गाड्याही पाय काढल्यावर थोड्याफार आत वळतात. हिचं शेपूट जड, म्हणून एकदा निघालं की आवरायला उशीर होतो. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक आवर आहे. पीएसएम म्हणतात, एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावून गाडी सरळ करते. ती मी बंद करणार नाही, कुणी कितीही डिवचलं तरी. पण तिच्या भरवशावर वळणात शिरायचं हे काही मनाला पटत नाही.

रविवार, वस्तादांच्या गॅरेजमध्ये

पूर्ण दिवस गेला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर इथं नाही, आणि वस्ताद जर्मन गाड्या खोलताना घाबरत नाहीत. आधी मॅन्युअलचं पान मागतात, चष्मा लावतात, मग पाना उचलतात. मला असा माणूस चालतो. माझ्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग न बघता मशीन सुरू करणाऱ्याला मी उभं करत नाही.

पहिलं काम ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच हमी १५५ वर येते. गावात चालवताना फरक कळत नाही. ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी जोरात ब्रेक, पुन्हा ब्रेक, पुन्हा ब्रेक. उष्णता ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये पोचते, ऑइल उकळतं, आत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. "पैडल इस्पंज हुआ तो समझो गया, मॅडम," वस्ताद म्हणाले. चारी चाकांतून जुनं काढलं, फिकट चहाच्या रंगाचं. पॅड पुढचे अर्धे शिल्लक होते. कामचलाऊ म्हणता आले असते, पण नवे टाकले.

मग पुढचा बंपर उतरवला. याची गंमत अशी की इंजिन मागं असलं तरी रेडिएटर पुढं, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. हवेच्या तोंडातून जे शिरतं ते तिथंच अडकतं. आत निघालं काय? कडुनिंबाची पानं, धूळ, मेलेले नाकतोडे, आणि कापूस! जालना रोडवर कापसाच्या गाड्यांमागं चालवलेल्या मैलांचा हिशोब. अर्धी जाळी झाकलेली. ट्रॅकवर तापमानाचा काटा चढला असता आणि मी इंजिनमध्ये दोष शोधत बसले असते. ब्लोअर आणि हलक्या पाण्यानं साफ केलं, पत्रे वाकू न देता. ९११ घेऊन मराठवाड्यात राहणाऱ्यानं (आहेत काही, २०१० मध्ये एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेणारं शहर आहे आपलं) निदान दसऱ्यानंतर हे एकदा करावं.

टायरचा विषय दुखरा. नक्षी भरपूर, दिसायला नवे. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. मागच्या जोडीवरचे आकडे १७ वर संपत होते, म्हणजे २०१७. एवढ्या वर्षांच्या आमच्या उन्हाळ्यात रबर कडक झालेलं, नखानं दाबलं तरी कळतं. चार नवे मागवले. किंमत इथं लिहीत नाही, ही वही घरात सगळे वाचतात.

चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. वस्तादांची न्यूमॅटिक गन मी या गाडीच्या जवळ येऊ देत नाही आणि ते दरवेळी हसतात. इंजिन ऑइल बघायला गजच नाही. गाडी सपाटीवर, तापलेली, आणि मग पडद्यावर पट्टी दिसते. थोडं कमी होतं, भरलं. पुढच्या डिकीतली छत्री, टूलबॅग, मुलाचा बॅडमिंटनचा सेट, सगळं बाहेर. पेट्रोलची टाकी पुढंच आहे हे मात्र सोयीचं. भरलेली असली की तोंडाला तेवढंच वजन.

एक्झॉस्ट बदला, स्प्रिंग बसवा, मोठे ब्रेक लावा, असे सल्ले रोज येतायत. पहिल्या ट्रॅक डेला गाडीत कमी असतं ते फक्त चालवणारीचं डोकं, आणि त्याचा पार्ट मिळत नाही.

गणपती उठले त्या आठवड्यात

मैत्रिणीच्या सासऱ्यांचं फुलंब्रीकडं जिनिंग आहे. नवा कापूस दसऱ्याच्या आसपास यायला लागतो, तोवर काँक्रीटचं अख्खं आवार रिकामं. ऑइलचे रिकामे डबे गोल मांडले. सकाळी भुरभुर पाऊस झालेला, काँक्रीट ओलं. हेच हवं होतं. ओल्यात टायर लवकर सुटतात, म्हणजे कमी वेगात तोच धडा मिळतो.

गोल फिरत राहायचं, स्टिअरिंग एका जागी धरून, ४० च्या आसपास. अॅक्सिलरेटर हळूहळू वाढवला की तोंड बाहेर जायला लागतं, डब्यांपासून लांब. अण्णांचा ट्रॅक्टर! मग पाय सोडला. झटकन नाही, पण सोडला. तोंड लगेच आत आलं, आणि पाठीमागून, कमरेच्या खाली कुठंतरी, एक ढकलल्यासारखं जाणवलं. पडद्यावर पिवळा दिवा लुकलुकला, चाकांत कर्रकर्र झालं, गाडी सावरली. वॉचमनकाका पत्र्याखालून ओरडले, "ताई, डबा गेला!"

पुन्हा केलं. पुन्हा. दुपारपर्यंत डबे चेपून चपटे झाले. हळूहळू पायाला कळायला लागलं की सोडणं आणि काढणं यात फरक आहे. थोडा सैल केला तर गाडी नुसती आत झुकते, मागाल तेवढीच. तेच हिचं खरं स्टिअरिंग आहे, हातातलं नव्हे. मात्र दचकून काढला की शेपूट जागं होतं. आणि ब्रेकचं उलटं. सरळ रेषेत जोरात दाबायचा, मग वळताना हळूहळू सोडत न्यायचा. तोंडावर वजन टिकतं, हलकं तोंड तेवढ्यापुरतं जड होतं आणि वळणात शिरतं. शिरल्यावर घाई नाही. गाडी बसली की मगच अॅक्सिलरेटर, हळूहळू वाढत जाणारा. तेव्हा मागची ६१ टक्के पाठ जमिनीवर बसते आणि ही गाडी ज्यासाठी घेतली ते कळतं. ओल्या काँक्रीटवर, ४० च्या वेगात, मी एकटी गाडीत मोठ्यानं हसले.

घरी येताना चौकात एक रिक्षा आडवी आली. पाय आपोआप निघाला. निघायलाच हवा होता. म्हणजे दोन सवयी शेजारी-शेजारी पाळायच्या आहेत, आणि कुठली केव्हा हे पायालाच ठरवायला शिकवायचं आहे. हे अवघड आहे. रात्री पलंगावर पडून उजव्या पायानं चादर दाबत होते, तर नवऱ्यानं विचारलं, पाय दुखतोय का.

१७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन

झेंडावंदन करून आल्यावर नवऱ्यानं विम्याची पॉलिसी काढून बसवली. तो सीए, बारीक अक्षर त्यालाच दिसतं. आयोजित शर्यत, वेगचाचणी, असा वापर पॉलिसीच्या बाहेर. म्हणजे भिंतीला लागली तर आपली आपण. "मग भिंतीला लावायची नाही," मी म्हटलं. त्यानं कॅल्क्युलेटर काढला नाही, हे त्याचं मोठं मन. वाद झाला नाही. पण एक ठरलं: जेवढं नुकसान सोसेल तेवढ्याच वेगानं चालवायचं. माझ्या मते ट्रॅकवरची ही सगळ्यात स्पष्ट मर्यादा आहे.

हेल्मेट नवं घेतलं, पूर्ण तोंडाचं. स्कूटीवरचं आता मुलगा वापरेल. पातळ तळाचे बूट, लांब बाह्यांचा सुती शर्ट.

ट्रक निघाला

बीड, सोलापूर, विजापूर करत गाडी चालवतच न्यावी असं मनात होतं. रस्ता मस्त आहे, आणि नवऱ्याला सोलापूरला जेवायचं होतं. पण ट्रॅकवर काही झालं तर तिथून ट्रक शोधायचाच आहे. मग जाताना का नको? फळ्या लावून गाडी चढवली. पुढच्या बंपरचा ओठ घासेल म्हणून चार जण चार बाजूंनी चार प्रकारचे हात करत होते. शेवटी ड्रायव्हरदादांनी सगळ्यांना गप्प केलं आणि एकट्यानं चढवून दिली.

श्रीपेरुम्बुदूर, ट्रॅकजवळ, रात्री

इन्स्ट्रक्टरचा मेसेज आलाय. पहिल्या सेशनला फक्त तिसरा आणि चौथा गिअर, ब्रेक निम्माच, प्रत्येक वळणाचा शेवट डोळ्यांनी आधी शोधायचा. शेवटचा फेरा सावकाश, ब्रेक थंड करायला, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबतात तिथं, आल्यावर पार्किंग ब्रेक लावायचा नाही. वाचून हायसं वाटलं, आणि थोडा रागही आला. एवढे टायर कशाला घेतले मग?

टायरची हवा पहाटे, थंड असताना भरायची. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयनं चढतो, म्हणून सेशन झाल्या झाल्या पुन्हा मोजून जास्तीची काढायची. ते काम नवऱ्याकडं दिलंय. त्यानं वहीत रकाने आखलेत: सेशन, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. आणि शेवटी, न विचारता, एक रुंद रकाना: खर्च.